खरेबाईंचा कान

गेल्या महिन्यात खरेबाईंची शोकसभा झाली. छोटंसं सभागृह, टेबलावर बाईंचा फोटो, त्यावर सोनचाफ्याचा हार, आणि मागच्या रांगेपर्यंत बाईंचे विद्यार्थी. बाईंनी पुण्यात पस्तीस वर्षं जपानी शिकवलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वतः शिकून कोरियनही. विद्यार्थी भरपूर होते, त्यामुळे बोलणारेही भरपूर होते.

तिसरा वक्ता होता निखिल, बाईंचा एकेकाळचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता वारज्यात त्याची स्वतःची भाषासंस्था आहे, दोन मजल्यांची. तो म्हणाला, "मित्रहो, बाईंकडे यायच्या आधी जपानी म्हणजे आपल्यासाठी काय होतं?" मग त्यानं डोळे बारीक केले, मान दोन्हीकडे हलवली आणि माईकवर "चिंग चाँग चू, मिंग माँग मू" असा आवाज काढला.

सभागृह हसलं. बाईंच्या फोटोसमोर साठ-सत्तर माणसं हसली, आणि सवयीनं माझेही ओठ ताणले गेले. मला तत्क्षणी स्वतःची शिसारी आली आणि ती अजून गेलेली नाही. चहा न घेता मी बाहेर पडलो. हे लिहायला बसलो आहे ते एवढ्यासाठीच, की बाईंबद्दल त्या दिवशी जे बोललं गेलं त्यात बाई कुठेही नव्हत्या.

मी बाईंच्या वर्गाचं ग्रंथालय सांभाळत असे. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि एक वही. स्वतः मी जपानी अर्धवट शिकलो, पण बाईंच्या खोलीच्या कोपऱ्यात अठरा वर्षं बसलो, त्यामुळे ऐकलं बरंच.

वर्ग सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वर होता. पहिल्या दिवशी बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या: "ही भाषा तुम्हांला ऐकायला कशी वाटते?" मुलं मनापासून सांगायची. जपानी म्हणजे मशिनगन. जपानी म्हणजे कायम कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय. कोरियन म्हणजे दमलेली माणसं एकमेकांकडे तक्रार करतायत. एकानं सांगितलं, पत्र्याच्या डब्यात खडे. बाई हे सगळं फळ्यावर नीट लिहून काढायच्या आणि लिहिताना त्यांचा चेहरा आमटीत केस सापडल्यासारखा व्हायचा. हा चेहरा त्या लपवत नसत. मग म्हणायच्या, "उद्या येताना कान धुवून या."

कान धुवून या, हे त्यांचं वाक्य सगळ्यांनी शोकसभेत सांगितलं. त्याचा अर्थ मात्र कुणी सांगितला नाही. पहिला महिनाभर बाई वही उघडू देत नसत. लिहिलंत की संपलं, असं त्यांचं म्हणणं. देवनागरी आली की कान बंद होतो. मग माणूस समोरच्याचं ऐकत नाही, आपण लिहिलेलं ऐकतो. महिनाभर फक्त ऐकायचं आणि ऐकू आलं तसं तोंडानं परत द्यायचं. अर्ध्याअधिक मुलांना तो वेळेचा अपव्यय वाटे. एका वडिलांनी येऊन विचारलंही, "अहो बाई, फी भरून मुलगा नुसता ऐकतोच आहे?" बाई म्हणाल्या, "घरी तुमचं ऐकतो का?" ते म्हणाले, "नाही." "मग इथे निदान ऐकायला शिकतोय."

अलीकडे मुली कोरियन मालिका बघून येऊ लागल्या. त्यांना ती भाषा गोड वाटायची. एकजण म्हणाली, "बाई, कोरियन कसली क्यूट आहे ना!" मला वाटलं, आता तरी बाई खूश होतील. पण तोच चेहरा. "क्यूट? भाषा आहे की मांजराचं पिल्लू? त्या भाषेत लोक घटस्फोट घेतात, कोर्टात भांडतात, मेलेल्या आईसाठी रडतात. तेही क्यूटच ऐकू येणार का तुला?" बाईंना टिंगलीइतकीच त्या गोडव्याचीही किळस होती. दोन्हींत समोरचा माणूस काय म्हणतोय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या आणि धडा पुढे चालू केला.

कोरियनमध्ये दाल, त्ताल आणि थाल असे तीन शब्द आहेत. चंद्र, मुलगी आणि मुखवटा. आपल्याला 'त' आणि 'थ' कळतात, पण त्यांच्या अधलामधला, घशात आवळून काढलेला आवाज आपल्या कानात शिरतच नाही. बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या. 'थाल' म्हटलं की पट्टी उडायची, 'त्ताल' म्हटलं की ढिम्म. तरी एक मुलगा म्हणाला, "काय फरक पडतो बाई, मला तर सगळं तालच ऐकू येतंय."

"मग तुझ्या बहिणीच्या वेळी आईला काय झालं होतं," बाईंनी विचारलं, "मुलगी की मुखवटा?"

एकदा त्यांनी युको नावाच्या जपानी मुलीला वर्गात आणलं. ती वर्षभर पुण्यात राहिली होती, मोडकंतोडकं मराठी बोलायची. बाईंनी वर्तमानपत्रातली एक साधी बातमी मोठ्यानं वाचली आणि तिला विचारलं, "आमची भाषा तुला कशी ऐकू येते? खरं सांग." युको लाजली, मग म्हणाली की तुम्ही सगळे रागावलेले वाटता. प्रत्येक वाक्य शेवटी 'आहे, आहे' म्हणून आपटतं. आणि 'ळ' म्हणताना तोंडात गरम बटाटा असल्यासारखं वाटतं.

वर्ग एकदम दुखावला. एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, उभेच राहिले. "आमच्या भाषेत केवढी लय आहे! त्यांना काय कळणार?"

"दुखलं ना?" बाई म्हणाल्या. "कुठे दुखलं ते लक्षात ठेवा. बसा."

त्या इतक्या कडक का होत्या याचं कारण त्या दर तुकडीला सांगत, आणि सांगताना एकदाही हसत नसत. दुभाषी म्हणून त्यांचं ते पहिलंच वर्ष. एका जपानी पाहुण्यांची बायको आजारी पडली. त्यांनी फोनवरून बाईंना सांगितलं, तिला ब्योइनला पोचवा. ब्योइन म्हणजे इस्पितळ. पण जपानीत बियोइन असाही एक शब्द आहे, त्याचा अर्थ केस कापायचं, नटण्याचं दुकान. 'य' जोडून म्हटला की इस्पितळ, सुटा म्हटला की पार्लर. बाईंनी शिकताना वहीत दोन्ही शब्द देवनागरीत 'ब्योइन' असेच लिहून ठेवले होते, कारण आपली लेखणी दिसेल ते जोडाक्षर करते. त्यांनी गाडी पार्लरला पाठवली. पाहुण्यांची बायको पोट धरून खुर्चीत बसली होती आणि पार्लरमधल्या मुली तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळत होत्या. तासाभरानं घोळ कळला. अपेंडिक्स निघालं. ती वाचली. "वाचली म्हणून ही गोष्ट सांगता येते," बाई म्हणायच्या. ती वही त्यांनी फाडून टाकली. वर्गातली वहीबंदी तेव्हापासूनची.

एवढं मोठं कारण असूनही मुलांना ही गोष्ट विनोदीच वाटायची. पार्लर म्हटलं की मागच्या बाकावर हशा ठरलेला. बाई हशा संपेपर्यंत थांबायच्या, खिडकीबाहेर बघत.

आता दुसरी गोष्ट. ही बाईंनी मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एकाही शब्दाचा फरक केला नाही.

पिरंगुटकडच्या एका कारखान्यात बाई दुभाष्याचं काम करायला जात. निखिल तेव्हा त्यांचा मदतनीस होता, चोविशीतला, फार हुशार. कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकून काढणारी प्रेस मशिनं जपानहून आली होती आणि त्यांच्याबरोबर मोरी नावाचे इंजिनिअर. प्रत्येक मशिनला पुढून एक लोखंडी जाळी होती. जाळी बंद झाल्याशिवाय ठोका पडत नसे, म्हणजे कामगाराचा हात आत राहण्याचा प्रश्न नाही. पण दर ठोक्याला जाळी वरखाली करण्यात वेळ जायचा. व्यवस्थापकांना ते खुपत होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायची इच्छा होत नाही.

मशिनपाशीच बैठक झाली. व्यवस्थापक म्हणाले, "त्यांना सांगा, जाळी काढून टाकू. पोरं हुशार आहेत, हात सांभाळतात." बाईंनी एकेक वाक्य जपानीत सांगितलं. दर वाक्यानंतर मोरी मान तुकवून म्हणत होते, "हाय. हाय." सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी दातांतून श्वास आत ओढला, मान तिरकी केली आणि "चोत्तो...", म्हणजे 'जरा...', एवढंच म्हणून थांबले.

बाईंनी भाषांतर केलं, "त्यांनी तुमचं ऐकलं. त्यांना हे अवघड वाटतंय. संमती दिलेली नाही."

"अहो बाई, दहा वेळा हाय म्हणाला की तो! आम्हांला काय कान नाहीत?"

"ते हाय म्हणजे, ऐकतोय, पुढे बोला."

"डिक्शनरीत हाय म्हणजे हो," व्यवस्थापक म्हणाले आणि निखिलकडे वळले. "काय रे, बरोबर ना?"

निखिल म्हणाला, "डिक्शनरीत आहे तसं, सर."

सगळे हसले. मोरींना वाटलं आपलं म्हणणं पोचलं, म्हणून तेही हसले. संध्याकाळच्या विमानानं ते गेले. जाळ्या त्याच दिवशी उतरवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दत्ता नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं मशिनमध्ये गेली.

मोरींचं 'जाळी काढू नका' असं पत्र आलं ते अपघातानंतर. व्यवस्थापक म्हणाले, आता हात झटकतोय जपानी. मग त्यांनी बैठकीचा वृत्तान्त टाइप करून घेतला: तज्ज्ञांनी वारंवार होकार दिला. खाली दुभाष्याच्या सहीसाठी रेघ. तो कागद बाईंसमोर ठेवला. सही झाली की दोष जपानला जाणार होता, म्हणजे कुणाकडेच नाही, आणि दत्ताचा हात हा परवानगीनं घडलेला अपघात ठरणार होता.

बाईंनी सही केली नाही. "मी हे ऐकलेलं नाही," एवढंच म्हणाल्या. कारखान्याचं काम त्या दिवशी सुटलं, आणि महिन्याभरात आजूबाजूच्या कारखान्यांचंही. बाई अडचण करतात असं सगळीकडे कळवलं गेलं. त्या रेघेवर सही निखिलनं केली. तोही बैठकीत होता ना.

मी बाईंना विचारलं होतं, निखिलचा राग येतो का? त्या म्हणाल्या, "राग कशाचा, साठे? किळस येते. त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. 'चोत्तो' त्याला माझ्याआधी कळलं असणार."

दत्ता वारज्याचाच, जुन्या गावठाणातला. बाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. सोसायट्यांच्या मधोमध उरलेलं बैठं घर, दारात दोन म्हशी. दत्ता उजवा हात उपरण्याखाली झाकून बसला होता. त्याच्या आईनं पाणी आणलं. बाईंना वाटलं होतं, हा साहेबाला शिव्या देईल. तो म्हणाला, "साहेबाचं काय घिऊन बसलाय बाई. मी तितंच हुतो, मशिनीच्या पल्याड. त्या जपान्याला मी सवता इचारलं, हातानं खुणा करून. म्हटलं, जाळी काढल्यावर धोका न्हाई ना? सगळं ब्येस हाय ना? तर तो म्हनला, हाय."



"आमच्यात हाय म्हंजे हाय," दत्ता म्हणाला. "म्हटलं, एवढा शिकल्याला मानूस आपल्या भाषेत सांगतोय हाय, तर आसंल."

परत येताना रिक्षात बाईंनी पदर तोंडाशी धरला होता. रडत नव्हत्या. डुक्कर खिंडीपाशी त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली, उतरून बाजूला उभ्या राहिल्या. "तीस वर्षं मी शहाण्या लोकांचे कान धूत बसले," त्या म्हणाल्या. "आणि ज्यानं मनापासून ऐकलं, त्याला मी कधी भेटलेच नव्हते."

त्यानंतर वर्ग त्यांनी कमी केले. निखिलची संस्था वाढत गेली. त्याच्या जाहिरातीत दोन मुलं बोटांची हृदयं करून उभी असत आणि खाली लिहिलेलं असे, 'कोरियन: मजेत, महिन्यात!' जाहिरातींचे कागद बाईंच्या दारातही पडायचे. बाई ते उचलून कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब न लिहिता, थेट कचऱ्यात टाकायच्या. पाठकोरा कागद त्यांनी वाया घालवलेला मी दुसरा पाहिला नाही.

अपघाताची चौकशी चार वर्षं रखडली. या वर्षी उन्हाळ्यात अखेर बाईंना जबाबासाठी बोलावणं आलं. तोवर त्यांच्या फुफ्फुसांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती, जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "साठे, तुम्ही येणार की मी रिक्षावाल्याला हात धरायला सांगू?"

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, वर जुन्या फायलींचा कुबट वास. बाई दर पाच पायऱ्यांना थांबत होत्या आणि थांबल्या की भिंतीला हात लागू नये म्हणून माझा खांदा धरत होत्या. वर दत्ता आधीच येऊन बाकावर बसला होता. कारखान्याचे वकील होते, आणि त्यांच्या बाजूला निखिल, मांडीवर जाडजूड शब्दकोश घेऊन. त्यानं उठून बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनी पाय मागे घेतले.

चौकशी अधिकारी सभ्य होते, पण घाईत. पुढ्यात निखिलनं खूण करून ठेवलेलं पान होतं. ते म्हणाले, "मॅडम, फार तपशील नको. शब्दकोशात हाय म्हणजे होय, असं स्पष्ट आहे. तुमचं म्हणणं वेगळं आहे?"

बाई सांगू लागल्या. दम लागत होता, तुकड्यातुकड्यानं सांगत होत्या. जपानी माणूस ऐकताना मध्ये मध्ये हाय म्हणतो. न म्हणणं हा उद्धटपणा. दोन लोहार एका लोखंडावर आळीपाळीनं घण मारतात, त्यावरून त्या भाषेत या सवयीला शब्द आहे. एकानं मारला की दुसऱ्यानं मारायचा. त्याचा अर्थ लोखंडाला आकार आला असा होत नाही, काम चालू आहे इतकाच होतो.

"हं," अधिकारी म्हणाले.

परक्या माणसाला ते दहा होकार वाटतात, बाई म्हणाल्या.

"हं. हं."

"आणि नकार द्यायचा झाला तर ते अर्धंच वाक्य बोलतात. मोरी तसंच बोलले. हे मला ऐकू आलं, आणि तिथे जपानी कळणारं जे आणखी कुणी होतं, त्यालाही ऐकू आलं."

"हं," अधिकारी म्हणाले. "पण मॅडम, एका शब्दात सांगा ना. हाय म्हणजे होय, हे तुम्हांला मान्य आहे की नाही?"

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "साहेब, मी बोलत असताना आपण चार वेळा हं म्हणालात. म्हणजे माझं सगळं म्हणणं आपण मान्य केलंत, असं लिहून घ्यायला सांगू का?"

टंकलेखक थांबला. वकिलांनी खाली बघितलं. निखिल शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावरून नख फिरवत राहिला. अधिकाऱ्यांनी पुन्हा हं म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते म्हणाले, "हे जसंच्या तसं घ्या. माझ्या 'हं'सकट."

जबाब टाइप झाला. नियमाप्रमाणे तो बाईंना वाचून दाखवायचा होता. टंकलेखक एकेक वाक्य वाचू लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. उन्हं खिडकीतून थेट तोंडावर येत होती, पण त्या सरकल्या नाहीत. कुणी काही वाचून दाखवायला लागलं की आपण मान हलवतो, हुंकार देतो. बाई तसं काहीच करत नव्हत्या. ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून त्या ऐकत होत्या, आणि दर वाक्यानंतर टंकलेखक घुटमळून त्यांच्याकडे बघत होता, की बाईंना कळतंय ना. दत्ता बाकावरून पुढे झुकला होता. दोन पानं संपेपर्यंत त्या खोलीत टंकलेखकाच्या वाचण्याशिवाय आणि पंख्याशिवाय कशाचाही आवाज आला नाही.

शेवटचं वाक्य वाचून झालं. बाईंनी डोळे उघडले, श्वास पुरेल इतका वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या, "होय."

मग त्यांनी पेन मागितलं.